ताई, कोपरा कुठे असतो?

माऊस नाही, आयकॉन नाही, चकाचक विंडो तर नाहीच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि उत्तर कानाने ऐकायचं! ज्या कमांड लाइनला आपण ‘गीक लोकांचं खूळ’ म्हणून सोडून देतो, ती खांडबाऱ्याच्या एका किराणा दुकानात उधारीचा हिशोब कशी सांभाळते, त्याची ही गोष्ट.

“खाली उजव्या कोपऱ्यात एक निळं बटण असेल बघ. त्यावर क्लिक कर.”

फोनवर शांतता.

“सापडलं का?”

“ताई,” पलीकडून अगदी साधा प्रश्न आला, “कोपरा कुठे असतो?”

गेली आठ वर्षं मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. क्लायंटला, मॅनेजरला, नव्या पोराटोरांना कॉम्प्युटर समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. आणि या प्रश्नावर मी चक्क गप्प बसले. कारण कोपरा हा डोळ्यांचा शब्द आहे. वर, खाली, निळं, बाजूचं, मोठं... माझं सगळं शिकवणं याच शब्दांवर उभं होतं. ते काढून घेतल्यावर माझ्याकडे सांगायला काहीच उरलं नाही.

प्रश्न विचारणारा माझा मामेभाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात, म्हणून इथेही भाऊच म्हणू या. मामाचं घर खांडबाऱ्याला, नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात. सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर सोडलं की नंदुरबारच्या आधी हे स्टेशन लागतं. मामाचं किराणा दुकान. भाऊला लहानपणापासून रात्री कमी दिसायचं. मग बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेन्टोसा असं लांबलचक नाव सांगितलं. नंदुरबारला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला फळ्यावरचं अजिबात दिसेना आणि तो घरी आला तो आलाच. एकोणीस वर्षांचा पोरगा! दिवसभर गल्ल्यामागे बसून राहायचा. गिऱ्हाईक यायचं आणि त्याच्या डोक्यावरून मामाशी बोलायचं.

मामी एकदा मला म्हणाली, “टीव्हीवर ती प्रांजल पाटील दाखवली होती गं, उल्हासनगरची. दिसत नसून कलेक्टरच्या परीक्षा पास झाली. कॉम्प्युटर बोलतो म्हणे. आपल्या भाऊला शिकव ना.”

मी म्हणाले, हात्तिच्या, त्यात काय! आणि तीन आठवड्यांनंतर त्या कोपऱ्यावर येऊन अडकले.

फोनवर सांगता येईल का?

आधी थोडा बेसिक फंडा. दृष्टिहीन माणूस कॉम्प्युटर वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आणि बटणं वाचून दाखवतं. त्यातलं जुनं आणि वजनदार नाव जॉज. टेड हेन्टर या अमेरिकन माणसाचं हे काम. हेन्टर मोटरसायकल रेसर होता, १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली, आणि १९८९ साली त्याच्या कंपनीने डॉससाठी जॉज आणलं. पण हे सॉफ्टवेअर पडतं महाग. म्हणून भाऊच्या लॅपटॉपवर आम्ही एनव्हीडीए टाकलं. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने ते लिहायला घेतलं. पुढे जेम्स टेह हा त्याचा मित्र जोडीला आला. दोघेही दृष्टिहीन. एनव्हीडीए आजही फुकट मिळतं, कुणीही उतरवून घ्यावं.

म्हणजे सॉफ्टवेअर होतं, लॅपटॉप होता, भाऊची तयारी होती. अडत होतं ते भलतीकडेच. एखादी वेबसाइट उघडली की बाई सुरू व्हायची: “लिंक, लिंक, ग्राफिक, बटन, बटन, बटन...” कुठलं बटण? कशाचं? बनवणाऱ्याने त्याला नाव दिलेलं नसलं तर स्क्रीन रीडर तरी काय सांगणार! भाऊ टॅब दाबत राहायचा आणि मी पुण्यात बसून ‘अजून एक, अजून एक’ करत राहायचे.

ट्यूब पेटली ती ऑफिसात. एका रात्री सर्व्हर बसला होता आणि प्रवासात असलेल्या सहकाऱ्याला मी फोनवरून टर्मिनल वाचून दाखवत होते. मी ओळ वाचायची, त्याने पुढची कमांड सांगायची, मी ती टाइप करून उत्तर वाचायचं. वीस मिनिटांत काम फत्ते. फोन ठेवला आणि लक्षात आलं, त्या पोराने पडदा पाहिलाच नव्हता! त्याचं काहीही अडलं नाही.

बॉस, हीच तर गोष्ट आहे. विंडो फोनवर वाचून दाखवता येत नाही. टर्मिनल येतं. विंडो म्हणजे चित्र, सगळं एकाच वेळी समोर मांडलेलं. कमांड लाइन म्हणजे संभाषण. तुम्ही एक वाक्य बोलता, ती उत्तर देते. एकामागून एक. आणि कानालाही तसंच लागतं, एकामागून एक.

दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची बस पकडून मी नंदुरबार गाठलं आणि तिथून पॅसेंजरने खांडबारा.

पहिला धडा : तिला गप्प कर!

मामाच्या ओटीवर लॅपटॉप उघडला. विंडोजचं बटण दाबलं, सीएमडी अशी तीन अक्षरं टाइप केली, एंटर. कमांड प्रॉम्प्ट उघडला. बाई म्हणाली, “सी कोलन बॅकस्लॅश यूजर्स बॅकस्लॅश...” भाऊने विचारलं, “ही काय म्हणतेय?” म्हटलं, ती पत्ता सांगतेय. जिल्हा, तालुका, गाव, तसं ड्राइव्ह, फोल्डर, त्याच्या आतलं फोल्डर. बॅकस्लॅश म्हणजे मधला स्वल्पविराम. त्याला लगेच पटलं.

(एक सांगून ठेवते. या लेखात कमांड्स मी ऐकू येतात तशाच लिहिल्या आहेत. भाऊनेही त्या अशाच शिकल्या.)

मग डीआयआर. इथे काय काय ठेवलंय ते दाखव, अशी कमांड. एंटर दाबला मात्र, आणि बाईने जो पट्टा सोडला! तारीख, वेळ, आकडा, नाव, पुन्हा तारीख, वेळ, आकडा... मामी स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “ही श्वास कधी घेते?”

म्हणून पहिला खरा धडा डीआयआरचा नाहीच. पहिला धडा कंट्रोल या बटणाचा. एकदा दाबलं की बाई गप्प. नवशिक्याला वाटतं, सुरू झालंय ते शेवटपर्यंत ऐकलंच पाहिजे. अजिबात नाही. पेपर वाचताना तुम्ही हेडलाइन बघून पुढे जाताच ना? तसंच कानानेही पुढे जाता आलं पाहिजे. ज्याला मध्येच थांबवता येतं, त्यालाच ऐकता येतं.

दुसरा धडा नंबरांच्या पॅडचा. लॅपटॉप जुना, मोठा, उजवीकडे वेगळं नंबर पॅड असलेला. एनव्हीडीएमध्ये हे पॅड म्हणजे वाचायचं बोट. वरची रांग ओळीची, मधली शब्दाची, खालची अक्षराची. आठ दाबलं की आत्ताची ओळ, सातवर मागची, नऊवर पुढची. पाच म्हणजे आत्ताचा शब्द, चार मागचा, सहा पुढचा. दोनवर अक्षर, एकवर मागचं, तीनवर पुढचं. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. आपल्याला तो कधी जाणवतही नाही. भाऊचं बोट दहा मिनिटांत त्यावर स्थिरावलं. मला आजही सात आणि नऊमध्ये गोंधळ होतो.

तिसरा धडा, डीआयआर स्पेस स्लॅश बी. हे ‘स्लॅश बी’ म्हणजे ‘फक्त नावं सांग, बाकीची बडबड नको’. पट्ट्याच्या जागी सहा नावं आली. भाऊ हसला. तीन वर्षांत मी त्याला कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा हसताना पाहत होते.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मीही ट्राय मारला. पडद्याचा प्रकाश शून्यावर आणला आणि स्वतःशी म्हणाले, एक फाइल तयार करायची आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची. रोज शंभर वेळा करते ते काम! चार मिनिटांत मी हरवले. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत तेच आठवेना. तेव्हा कळलं की मी टर्मिनल ‘वाचत’ नव्हतेच. नजर टाकत होते. भाऊला मात्र प्रत्येक वेळी पत्ता लक्षात ठेवावा लागतो. तो ठेवतो. हरवला तर सीडी एवढंच लिहून एंटर मारतो, बाई पुन्हा पत्ता सांगते.

जेव्हा पडद्यावर फक्त अक्षरं होती

खरं तर हे उलटं वाटेल, पण दृष्टिहीनांसाठी कॉम्प्युटर आधी सोपा होता, नंतर अवघड झाला. डॉसच्या काळात पडदा म्हणजे अक्षरांच्या पंचवीस ओळी. एका ओळीत ऐंशी अक्षरं. चित्र नाही, भानगड नाही. जे होतं ते अक्षर, आणि अक्षर वाचता येतं. मग विंडोज आलं. तुमच्या-माझ्यासाठी ती मज्जा. माऊस हलवा, क्लिक करा! पण त्या क्लिकने कित्येक दृष्टिहीन कर्मचाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण जुने स्क्रीन रीडर चित्रं वाचू शकत नव्हते. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती आली ती १९९५ साली. म्हणजे जग पुढे गेलं आणि हे लोक ते पुन्हा गाठायला धावले.

आता गंमत बघा. त्याच १९९५ साली एका माणसाने वेगळाच विचार करून एक सॉफ्टवेअर जगासमोर ठेवलं. आणि तो माणूस पुण्याचा!

मी रोज पुणे स्टेशनवरून जाते. तिथून जवळच नौरोसजी वाडिया कॉलेज आहे. खांडबाऱ्याहून परत आल्यावर हा विषय शोधत बसले, तेव्हा कळलं की याच कॉलेजातून १९८७ साली गणितात बी.ए. झालेल्या टी. व्ही. रामन यांनी हे काम केलंय. जन्म १९६५ चा, पुण्यातच. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. घरची माणसं पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची आणि हे गणितं सोडवायचे. ब्रेलच्या खुणा असलेला रूबिक क्यूबही सोडवायचे! मग पवईचं आयआयटी. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये त्यांनी गणितातल्या आलेखाची रेघ कानाने ऐकवणारा प्रोग्रॅम केला. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली पीएच.डी. विषय काय, तर कागदावरचं अवघड गणित बोलून कसं दाखवायचं. घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, अशी ही सिस्टिम. नाव ॲस्टर. त्यांच्या गाइड डॉगचंही नाव तेच!

१९९५ सालच्या त्या सॉफ्टवेअरचं नाव ईमॅकस्पीक. प्रोग्रामर लोक वापरतात त्या ईमॅक्स या एडिटरला रामन यांनी बोलतं केलं. त्यामागचा विचार मला सॉलिड वाटला. नेहमीचा स्क्रीन रीडर पडद्यावर जे उमटलंय ते वाचतो. समजा कॅलेंडर उघडलंय. तो वाचणार, “सात, आठ, नऊ, दहा...” आता दहा तारखेला वार कोणता? तुम्ही वर बघता, तुम्हाला कळतं. ऐकणाऱ्याला काय कळणार? ईमॅकस्पीक पडदा वाचत बसत नाही. ते सरळ सांगतं, अमुक वार, दहा तारीख, अमुक महिना. म्हणजे पडद्यावर काय ‘दिसतंय’ ते नाही, तर त्याचा अर्थ काय ते. प्रोग्रॅममधली टीप एका आवाजात, कमांड दुसऱ्या आवाजात. तुम्हाला रंगांनी कळतं ते यांना आवाजाने.

२००५ मध्ये रामन गूगलमध्ये गेले. अँड्रॉइड फोनवर २००९ च्या सुमाराला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आला, त्यामागेही त्यांचं काम आहे. भाऊच्या फोनवर रोज बोलतो तो हाच टॉकबॅक.

हे सगळं मी भाऊला फोनवर सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “म्हणजे मी कुणाच्या तरी मागून चाललोय. बरं झालं.”

अर्धं गाव गावित

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण खांडबाऱ्याच्या दुकानात कमांड लाइन हवीय कशाला?

उधारीसाठी. मामाच्या दुकानाचा अर्धा धंदा उधारीवर चालतो. पीक आलं की पैसे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी इतकी, की मावची, अहिराणी, गुजराती, हिंदी सगळं एकदम कानावर येतं. त्यात एखादा विचारतो, “शेठ, माझे किती झाले?” मामा लाल वही उघडतो, चष्मा शोधतो, पानं उलटतो. तोवर चार गिऱ्हाइकं खोळंबतात.

भाऊने आधी मोबाइलवर उधारीचं एक ॲप वापरून पाहिलं. दोन महिने छान चाललं. मग अपडेट आला, मांडणी बदलली आणि नव्या बटणांना नावंच नव्हती. पुन्हा तेच, “बटन, बटन.” तो म्हणाला, “ताई, माझं दुकान कुणीतरी रात्रीत हलवल्यासारखं झालं.”

मग आम्ही साधी टेक्स्ट फाइल केली. एका ओळीत एक उधारी: तारीख, नाव, माल, रुपये. शोधायला फाइंडस्टर नावाची कमांड. नाव द्यायचं, ज्या ओळींत ते आहे तेवढ्याच ओळी बाई वाचते. भाऊने झोकात पहिलं नाव टाकलं, गावित. आणि काय सांगू! नवापूर तालुक्यात गावित म्हणजे हाक मारली तर दहा जण वळून बघतील. बाई जी सुरू झाली ती थांबेना. अर्धं गाव बोलायला लागलं. वर इंग्रजी स्पेलिंगची गंमत. कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी एक आय, कधी दोन ई. एकाच माणसाची तीन खाती.

उपाय भाऊनेच काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर. पण नुसता बारा शोधला तर एकशे बाराही येतो आणि एकशे वीस रुपयेही. म्हणून आधी जी हे अक्षर आणि मग तीन आकडे. जी शून्य एक दोन. आता शोधलं की फक्त त्याच माणसाच्या ओळी. नंबर पाठ करायला वेळ लागला नाही. भाऊ माणसं आवाजावरून ओळखतो. आवाज आला की नंबर आलाच.

पुढच्या बाजाराला कुणीतरी विचारलं, “शेठ, माझे किती?” मामाचा हात वहीकडे गेला. तोवर गल्ल्यामागून आवाज आला, “चारशे बावीस, काका. शेवटचं तेल नेलं होतं तुम्ही, सोमवारी.” मामाने तरीही वही उघडून पाहिली. चारशे बावीस. मामी सांगते, त्या दिवसापासून लोक भाऊशी बोलायला लागले. डोक्यावरून नाही. समोर बघून.

एक ग्रेटर, दोन ग्रेटर

इथे गोष्ट संपवली असती तर कसं गोड झालं असतं, नाही? पण श्रावणातल्या एका संध्याकाळी भाऊचा फोन आला. आवाज पार बसलेला. “ताई, सगळं गेलं.”

झालं असं. फाइलमध्ये नवी ओळ जोडायला तो इको ही कमांड वापरायचा. इको म्हणजे ‘हे लिही’. पुढे मजकूर, मग ग्रेटर दॅनचं चिन्ह दोनदा, मग फाइलचं नाव. चिन्ह दोनदा म्हणजे ‘शेवटी जोड’. एकदाच दिलं तर अर्थ होतो ‘जुनं पुसून हे लिही’. दुकानात गर्दी, हात घाईत. बाई म्हणाली ‘ग्रेटर’ आणि त्याने फाइलचं नाव लिहून एंटर मारला. कॉम्प्युटरने काहीही विचारलं नाही. ‘नक्की का?’ नाही, की रिसायकल बिन नाही. दोन महिन्यांची उधारी गेली आणि फाइलमध्ये राहिली एक ओळ. साखर, अठ्ठ्याऐंशी रुपये.

कमांड लाइनचा हाच स्वभाव आहे. ती तुम्हाला समजतं असं धरून चालते. हा मान आहे आणि हीच धास्तीही.

वाचलो ते मामामुळे. मामाने वही बंद केलीच नव्हती! भाऊच्या नकळत तो रोज रात्री सगळं वहीत उतरवत होता. हे कळल्यावर भाऊला जास्त लागलं. फाइल गेल्याचं नाही, भरवसा नव्हता याचं. दोन दिवस तो लॅपटॉपला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी मामा वही घेऊन त्याच्या शेजारी बसला आणि एकेक ओळ वाचू लागला. भाऊ टाइप करू लागला. तीन रात्री लागल्या.

मी फोनवर म्हणाले, “आता जपून टाइप कर हं.” त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते माझ्या टीममधल्या निम्म्या इंजिनिअर्सना सुचलं नसतं. “जपून नाही, ताई. चुकायला जागाच ठेवायची नाही.” त्याने एक बॅच फाइल लिहिली. ती आधी नंबर विचारते, मग माल, मग रुपये, आणि स्वतःच शेवटी जोडते. दोन ग्रेटर त्या फाइलमध्ये एकदाच लिहिलेत, कायमचे. आणि रात्री दुकान बंद करताना दुसरी बॅच फाइल आख्ख्या उधारीची प्रत पेन ड्राइव्हवर टाकते, तारखेच्या नावाने.

आता तो पॉवरशेल शिकतोय. फाइलमध्ये कॉमा नीट असले की एका ओळीच्या कमांडने आख्ख्या महिन्याची बेरीज येते. राहिलेलं बी.कॉम. घरून पूर्ण करायचं त्याच्या मनात आहे. मामा वही अजून लिहितो, पण आता रोज नाही, आठवड्याने. आणि भाऊच्या फाइलवरून.

आणि आता तुमची-आमची पाळी

कमांड लाइन म्हणजे दृष्टिहीनांसाठी जादूची कांडी, असा समज करून घेऊ नका. भाऊने मध्यंतरी एक टूल इन्स्टॉल केलं. पडद्यावर टक्क्यांची पट्टी सरकत होती. आपल्याला ती छान दिसते. त्याला काय ऐकू आलं? “हॅश हॅश हॅश हॅश एक टक्का, हॅश हॅश हॅश...” शंभरपर्यंत! कुठे तक्ता आला तर तिसऱ्या ओळीपर्यंत मथळे कानातून निसटून जातात. कुठे चूक फक्त लाल रंगाने दाखवलेली असते.

२०२१ साली गूगलच्या संशोधकांनी दृष्टिहीन डेव्हलपर्सच्या अनुभवांवर एक पेपर मांडला, त्यात नेमकं हेच निघालं. नुसती अक्षरं आहेत म्हणून सगळं आपोआप सोपं होत नाही. अक्षरांनाही रचना लागते. तक्ता हवा तर तो साध्या कॉमावाल्या फाइलमध्येही मिळावा. काम चालू आहे की संपलं, ते एका वाक्यात सांगावं.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण रोज असली टूल्स लिहितात. मीही लिहिते. भाऊने एकदा माझ्याच टीमचं एक छोटं टूल चालवून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, तुझं काम बरंय. पण ते बोलत नाही, नुसतं नाचतं.” सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या टूलमध्ये साध्या आउटपुटचा एक पर्याय टाकण्याचं. पट्टी नाही, रंग नाही. ‘सुरू झालं’, ‘संपलं’, ‘चुकलं, कारण हे’. एका दुपारचं काम. मॅनेजरने विचारलं, कुणी मागितलंय हे? म्हटलं, खांडबाऱ्याच्या युजरने.

परवा आईने नवा मोबाइल घेतला आणि सेटिंगसाठी मला फोन केला. मी तोंड उघडलं, “आई, खाली उजव्या कोपऱ्यात...” आणि थांबले. मग म्हणाले, “आई, आत्ता काय लिहून आलंय ते मला वाचून दाखव बघू.”

बॉक्स : या वीकएंडला ट्राय करा

पंधरा मिनिटं काढा आणि कानाने कॉम्प्युटर वापरून बघा. टेन्शन नको, काही बिघडत नाही.

• एनव्हीडीए फुकट उतरवा. सुरू करायला कंट्रोल, ऑल्ट आणि एन. बंद करायला इन्सर्ट आणि क्यू. आधी बंद करायला शिका, मग सुरू करा!

• बडबड थांबवायची तर कंट्रोल. हे बटण विसरू नका.

• कमांड प्रॉम्प्ट उघडा. डीआयआर द्या, मग डीआयआर स्लॅश बी द्या. फरक डोळ्यांनी नाही, कानांनी ऐका.

• नंबर पॅडवर सात-आठ-नऊ ओळीसाठी, चार-पाच-सहा शब्दासाठी, एक-दोन-तीन अक्षरासाठी.

• उत्तर फार लांब असेल तर कमांडच्या शेवटी ग्रेटर दॅनचं चिन्ह आणि एका नव्या फाइलचं नाव द्या. सगळं त्या फाइलमध्ये जाईल, मग नोटपॅडमध्ये सावकाश ऐका. फाइलचं नाव नवंच हवं बरं का. जुनं दिलंत तर काय होतं, ते भाऊला विचारा.

• चिन्हं पुरेशी ऐकू येत नसतील तर इन्सर्ट आणि पी दाबून किती चिन्हं वाचायची ते बदला. कमांड लाइनवर एकेका चिन्हाला किंमत असते.

• जमलं असं वाटलं की एनव्हीडीएमधली स्क्रीन कर्टन ही सोय चालू करा. पडदा काळा होईल. आता एक फाइल तयार करा आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. मी चार मिनिटांत हरवले होते. तुमची वेळ लावून बघा!